आधी कान, मग यादी

दूरचं केंद्र ऐकू येणं वेगळं आणि ते ओळखता येणं वेगळं, हे आधी मनात पक्कं कर. ऐकू कुणालाही येतं. थंडीच्या दिवसांत रात्री दहानंतर साधा ट्रान्झिस्टर घेऊन गच्चीवर गेलीस आणि मीडियम वेव्हचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेलास, तर चार-पाच परक्या भाषा सहज कानावर पडतील. त्यातला कुठला आवाज कुठून आला हे पुराव्यानिशी सांगता आलं, की मग त्याला डीएक्सिंग म्हणायचं. तू ‘शिकवा’ म्हणालीस, म्हणून माझ्याजवळ आहे ते सगळं सांगतो. हात आखडता घेणार नाही.

सुरुवात परदेशापासून करायची नाही, घरापासून करायची. आपलं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. स्टुडिओ शिवाजीनगरला आणि प्रक्षेपण हडपसरहून, सोलापूर रस्त्यावरून. तिथल्या भागाचं नावच लोकांच्या तोंडी ‘आकाशवाणी’ झालंय. पुण्याचा आकडा ७९२ किलोहर्ट्झ. मुंबईचे ५५८ आणि १०४४. सोलापूर ६०३, जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१. जुन्या काट्याच्या सेटवर आकडा कधीच नेमका कळत नाही. तिथे या केंद्रांवरूनच पुढचं-मागचं मोजायचं. ५५८ आणि ७९२ सापडले की त्यांच्यामधली जागा बोटांना आपोआप कळायला लागते. शिवाय रात्री जे परकं वाटतं त्यातलं पुष्कळसं गुजराती, तेलुगू, तमिळ, ओडिया असतं, म्हणजे आपलंच. घरचे आवाज ओळखीचे झाल्याशिवाय बाहेरचा कोण ते कळायचं नाही.

आता नऊचा पाढा. १९७५ मध्ये जिनिव्हाला देशोदेशींच्या तज्ज्ञांनी बसून मीडियम वेव्हची वाटणी केली आणि १९७८ च्या नोव्हेंबरपासून ती लागू झाली. आशिया, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया या सगळ्या भागांत केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली. ५३१ पासून १६०२ पर्यंत प्रत्येक आकड्याला नवाने भाग जातो. म्हणून आकड्यातल्या अंकांची बेरीज कर. ७९२ ची बेरीज अठरा, ८८२ ची अठरा, १४१३ ची नऊ. बेरीज नवाच्या पटीत येत नसेल तर एक तर तू केंद्राच्या बाजूला घसरली आहेस किंवा वाचताना चूक झाली आहे. अमेरिकेत मात्र हे अंतर दहाचं आहे. तिकडून कुणी पाठवलेला आकडेवाला सेट असेल तर त्याची पायरी दहावरून नवावर आणायचं बटण आधी शोध. नाहीतर ७९० वर आणि ८०० वर दोन्हीकडे पुणे केंद्र चेपलेलं ऐकू येईल आणि तू सेटला नावं ठेवशील.

वेळेचं सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. दिवसा सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या भागात, साठ ते नव्वद किलोमीटरवर एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्हच्या लहरी शोषून टाकतो. म्हणून दुपारी जमिनीलगत पोहोचतं तेवढंच ऐकू येतं. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच्याही वरचे थर त्याच लहरी परत खाली वळवतात. मग हजार-दोन हजार किलोमीटर काहीच वाटत नाहीत. यासाठी केंद्र आणि आपण, दोघांच्या मधला सगळा रस्ता अंधारात असावा लागतो. यातून एक साधा नियम निघतो: संध्याकाळी पूर्वेकडे कान लाव, पहाटे पश्चिमेकडे. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा पूर्वेला रात्र झालेली असते आणि आखातात अजून ऊन असतं. पहाटे उलटं. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं धरायची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्त छापलेला असतो, तोच तुझा वेळापत्रकाचा पाया.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १५७५. या एकाच आकड्यावर बरीच वर्षं दोन बलाढ्य केंद्रं होती. एक थायलंडमध्ये बान फाची इथलं, व्हॉइस ऑफ अमेरिकाचं. दुसरं संयुक्त अरब अमिरातीतलं, तिथून रेडिओ फर्दाचे फारसी कार्यक्रम लागत. नकाशावर पट्टी ठेवून बघ, पुण्याहून एक जवळजवळ सरळ पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला थोडं उत्तरेकडे कललेलं. दोन्ही जवळपास एकाच रेषेत. म्हणजे सेट फिरवून एकाला दाबावं तर दुसरंही दबे. मग वेगळं कसं करायचं? घड्याळाने. पुण्यात सूर्य मावळतो तेव्हा थायलंडमध्ये मावळून पावणेदोन तास झालेले असतात, आणि अमिरातीत मावळायला सव्वा तास बाकी असतो. तेवढ्या सव्वा तासात १५७५ वर जे येई ते पूर्वेचं. मग फारसी हळूहळू वर यायला लागे, दोघांची झटापट होई. पहाटे थायलंडवर ऊन आलं की फारसी एकटी उरे. संध्याकाळचे दोन तास नीट ऐकलेस तर पृथ्वी फिरताना कानाला जाणवते. हे सुख मला दुसऱ्या कुठल्या छंदात मिळालेलं नाही.

ऋतूही बघ. दिवाळी झाली की माघ संपेपर्यंत आपला हंगाम. रात्र मोठी आणि आकाशात वीज नाही. चैत्र-वैशाखात वळवाचे ढग जमायला लागले की दोनशे किलोमीटरवर चमकलेली वीजसुद्धा कानात कडाडते. तेव्हा सेट ठेवून दे, आणि गच्चीवर तार बांधली असेल तर ती सोडवून घे. यात हयगय नको.

भाषा ऐकून देश ठरवायची घाई सगळेच करतात. तू करू नकोस. कार्यक्रम कुठला आणि मनोरा कुठला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १४१३ वर बीबीसी लागायची ती लंडनहून थेट येत नव्हती, ओमानमधल्या प्रक्षेपकावरून यायची; आधी मसीरा बेटावरून, मग २००२ पासून किनाऱ्यावरच्या असीला इथून. ८८२ वर तमिळ किंवा दुसरी भारतीय भाषा आणि ख्रिस्ती प्रार्थना ऐकू आली तर दक्षिणेतलं आपलं केंद्र समजू नकोस, ते श्रीलंकेतल्या पुत्तलमचं ट्रान्स वर्ल्ड रेडिओ. आणि १०७१ वर खणखणीत उर्दू ऐकून लाहोर सापडल्याचा आनंद करू नकोस. तो राजकोटचा हजार किलोवॉटचा प्रक्षेपक, आकाशवाणीची उर्दू सेवा. आपली आकाशवाणी बाहेरच्यांसाठी फारसी, अरबी, बलुचीतूनही बोलत आली आहे. परक्या भाषेत बोलणारं घरचं माणूस आणि घरच्या भाषेत बोलणारं परकं माणूस, दोन्ही या बँडवर भेटतात.

हिंदी गाण्यांचंही तसंच. हिंदी गाणं म्हणजे भारत असं मुळीच नाही, आणि हे आमच्या पिढीला सांगावं लागत नसे. बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले १९५२ साली. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. घरोघरी लोक शॉर्टवेव्हवर कोलंबो शोधायला शिकले. खरखरीतून निवेदक अमीन सयानींचा आवाज वेगळा काढायला शिकले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली तोवर माणसांचे कान तयार झाले होते. ज्याला बुधवारी रात्री आठाला काट्याच्या केसभर हलण्याने सिलोन हातचं जातं हे ठाऊक होतं, त्याला ट्यूनिंग शिकवावं लागत नव्हतं.

मग खरी ओळख कशावरून? पहिला मान केंद्राने स्वतः स्वतःचं नाव घेण्याला. ते वाक्य कुठल्याही भाषेत ठरलेलं असतं, म्हणून भाषा येत नसली तरी ते पकडता येतं. नेपाळी निवेदक म्हणतो ‘यो रेडियो नेपाल हो’. बंगालीत ‘बांग्लादेश बेतार’ कान देऊन ऐक. सिंहलीत ‘गुवन विदुली’ हे शब्द आले की श्रीलंका. फारसीत वाक्याच्या सुरुवातीला ‘इन्जा’, अरबीत ‘हुना’; दोन्हींचा अर्थ ‘इथे’, आणि त्यापुढे बहुधा गावाचं नाव येतं. भाषा बोलायला शिकायची गरज नाही. पण प्रत्येक भाषेतले आकडे एक ते दहा, ‘बातम्या’ आणि ‘रेडिओ’ यांना काय म्हणतात एवढं लिहून काढ आणि उशाशी ठेव.

हे नाव बहुतेक वेळा तासाच्या ठोक्याला घेतलं जातं. इथे आपला साडेपाच तासांचा फरक फार उपयोगी पडतो आणि त्याचा फायदा घेणारे थोडेच. पाकिस्तान, बांगलादेश, ओमान, अमिराती, सौदी, थायलंड, चीन या सगळ्यांचा तास आपल्या घड्याळात साडेच्या ठोक्याला पडतो. बीबीसीचे पाच छोटे आणि एक लांब असे सहा ठोकेही आपल्याला साडेलाच ऐकू येतात. श्रीलंकेचं घड्याळ आपलंच. इराण आपल्याहून बरोबर दोन तास मागे आणि अफगाणिस्तान एक तास, म्हणून त्यांच्या बातम्या आपल्या तासालाच सुरू होतात. नेपाळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे. ठोके पावणेला पडले तर दुसरं कुणी असूच शकत नाही. म्हणून रात्री साधारण सव्वाआठला एखादं अनोळखी केंद्र सापडलं तर ते सोडून पुढे जायचं नाही. साडेआठपर्यंत तिथेच थांब. नाही मिळालं तर पावणेनऊ, मग नऊ. आवाज दर मिनिटाला चढतो-उतरतो आणि नेमका नाव घेताना बुडतो, हे होणारच. पुढच्या ठोक्याला परत.

नेपाळवरून आठवलं. काठमांडूलाही ७९२ च मिळालेला आहे, म्हणजे आपल्या पुणे केंद्राच्या डोक्यावरच. पुणे चालू असताना हडपसरपुढे काठमांडूचा निभाव लागत नाही. पण पुण्याची पहिली सभा सुरू व्हायच्या आधी, पहाटे पावणेपाच ते साडेपाचच्या दरम्यान, ७९२ वर कान ठेवून बघ. आपलं केंद्र झोपलेलं असताना त्याच जागेवर कोण बोलतं हे प्रत्येक आकड्याबाबत तपासायची सवय लाव.

अरबी किंवा उर्दू केंद्रावर संध्याकाळची अजान लागली तर मिनिट लिहून ठेव. ती सूर्यास्ताशी बांधलेली असते. पुण्यानंतर किती मिनिटांनी लागली यावरून रेखांशाचा अदमास येतो. मस्कत आपल्याहून पंधरा अंश पश्चिमेला, म्हणजे हिशेबाने तासभर. हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य लवकर मावळतो, तेवढं त्यातून कमी कर. डिसेंबरात हा फरक पन्नास मिनिटांच्या आसपास भरतो. अदमास म्हणजे ओळख नव्हे, पण तो तीन देशांतले दोन बाद करतो.

आता सेट फिरवायचं तंत्र. ट्रान्झिस्टरच्या पोटात काळी फेराइटची कांडी असते, तोच मीडियम वेव्हचा एरियल. कांडीचं टोक ज्या दिशेला असेल तिकडून येणारा आवाज सगळ्यात क्षीण होतो. मोठा आवाज शोधत बसू नकोस, क्षीण होणारी जागा शोध. ती फार नेमकी असते. लाकडी पाटावर सेट ठेव, शेजारी होकायंत्र ठेव, आणि पाट हळूहळू फिरव. आधी दिवसा पुणे केंद्रावर सराव कर. कोथरूडच्या गच्चीवरून हडपसर जवळजवळ सरळ पूर्वेला, म्हणजे कांडी पूर्व-पश्चिम झाली की ७९२ खाली बसायला हवं. बसलं की हात बरोबर आहे. मग नकाशावर पुण्याहून रेघा ओढ: कराची वायव्येला, काठमांडू ईशान्येला, या दोन रेघा जवळजवळ काटकोनात आहेत, त्यामुळे एकाला दाबलं की दुसरं मोकळं होतं. पुत्तलम आग्नेयेहून आणखी दक्षिणेला कललेलं. दोन गोष्टी ध्यानात ठेव. कांडी रेघ दाखवते, रेघेची कुठली बाजू ते सांगत नाही. आणि रात्री आवाज वरून येत असल्यामुळे ही क्षीण जागा दिवसाइतकी काटेकोर राहत नाही, ती सरकते. घाईने कोन लिहू नकोस.

तुझी ती मैत्रीण मगरपट्ट्यात राहते, तिच्या गच्चीवर एक वेगळाच घोळ होईल. मनोऱ्याच्या इतक्या जवळ सेट भांबावतो आणि ७९२ च्या दुपटीवर, १५८४ वर, पुणे केंद्र पुन्हा ऐकू येतं. कधी ७९२ आणि मुंबईचं ५५८ मिसळून १३५० वर दोघांची खिचडी होते. गंमत अशी की नवाच्या पाढ्यातल्या आकड्यांची बेरीज किंवा दुप्पट पुन्हा पाढ्यातच पडते, म्हणून हे भूत अगदी अधिकृत जागेवर उभं असतं. परीक्षा सोपी आहे: दुसरा सेट शेजारी घेऊन ७९२ लाव. दोन्हीकडे तेच वाक्य आलं की विषय संपला.

शहरातल्या गोंगाटाबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त सोसावं लागणार आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोसायटीची लिफ्ट, गच्चीवरचं सोलर, प्रत्येकाची खरखर वेगळी. सेल घातलेला सेट हातात घेऊन घरभर फिर, कुठल्या भिंतीपाशी भुणभुण वाढते ते बघ. मग एकदा घरचा मेन स्विच बंद करून पुन्हा ऐक. गेली तर दोष घरात, राहिली तर शेजारी. पावसाळ्यानंतरच्या एखाद्या रात्री सगळ्या भागाची लाइट गेली तर मेणबत्ती शोधू नकोस, रेडिओ घेऊन गच्ची गाठ. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीच्या माळा असेपर्यंत पेठांत बसून काही होत नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण उभारली, ती जागा निवडताना माणसांचा हा विजेचा गोंगाट तिथे कमी आहे हेही पाहिलं होतं. त्यांच्या लहरी वेगळ्या, आकाशातल्या, अडचण तीच. जमेल तेव्हा सिंहगडाच्या पलीकडे, पानशेतकडे जा. आणि वर्षातून एकदा तरी हरिहरेश्वर किंवा गुहागर. खाऱ्या पाण्यावरून लहर फार कमी झिजते, समोर ओमानपर्यंत नुसता समुद्र. तिथे आखाती केंद्रं स्थानिक असल्यासारखी लागतात.

खर्च फार करायचा नाही. तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात बंद पडलेला सेट मिळाला तर त्यातला केंद्र लावायचा गँग कंडेन्सर काढून घे. दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्यावर दहा-अकरा वेढे तार, टोकांना तो गँग. सेटला न जोडता नुसती शेजारी उभी केलीस तरी बुडालेला आवाज वर येतो. मी दाखवीन करून.

वहीचं मात्र कडक आहे. जे ऐकलंस ते आधी वहीत, आणि यादी त्यानंतर. केंद्रांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात; १९४७ पासून वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक निघत आलं, आता फोनवरही सगळं आहे. पण यादीत ‘इराण’ वाचलं की खरखरीतही फारसी ऐकू यायला लागते. कान मनाचं ऐकतो. म्हणून आधी लिही: आकडा, वेळ, बाई की पुरुष, वाद्य कुठलं, बोलणं की गाणं, ओळखीचा वाटलेला एखादा शब्द जसा ऐकला तसा. मग यादी उघड. नाव स्वतः ऐकलं असेल तर नावापुढे बरोबरची खूण, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाची लाज नाही. माझ्या वहीत अनेक पानं त्याचीच आहेत आणि त्यातली काही पुढच्या हिवाळ्यात त्याच वेळी ऐकून सुटली. यादी ताजी आहे ना तेही बघ, कारण मीडियम वेव्हवरची केंद्रं जगभर एकामागून एक बंद होत आहेत, आपल्या आकाशवाणीचीही. मी सांगितलेल्या आकड्यांतले काही उद्या मुके असतील.

वेळ नेहमी यूटीसीत लिहायची, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत तारीखही एक दिवस मागे जाते. १२ जानेवारीला पहाटे पावणेपाचला ऐकलंस तर वहीत ११ जानेवारी, २३:१५. केंद्राला पत्र पाठवताना हे चुकलं तर त्यांच्या नोंदीशी काहीच जुळत नाही. पत्रात ‘कार्यक्रम आवडला’ एवढ्यावर भागत नाही. निदान पंधरा-वीस मिनिटांचा तपशील दे, मिनिटागणिक, आणि ऐकू कसं येत होतं ते पाच आकड्यांत: जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, चढउतार, एकूण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट. सगळीकडे पाच लिहून खूश करायचं नाही, त्यांना खरं काय ते हवं असतं. तपशील जुळला तर ते क्यूएसएल कार्ड, म्हणजे तू ऐकल्याची पोच, पाठवतात. ईमेलवरही चालतं, पण कागदाचं कार्ड नम्रपणे मागायला हरकत नाही.

आणि ध्वनिमुद्रण कर. आमच्याकडे ती सोय उशिरा आली, तुझ्या खिशात पहिल्यापासून आहे. एखादं केंद्र बंद होणार असं कळलं, तर त्याचे शेवटचे दिवस सोडू नकोस. फोन विमानात ठेवतात त्या स्थितीत ठेव, सेटपासून हातभर लांब. रेकॉर्डिंग सुरू करताना तारीख, वेळ आणि आकडा स्वतःच्या आवाजात बोलून ठेव. पुढे फाइलचं नाव बदललं, फोन बदलला, तरी कधी, कुठे, काय ऐकलं ते त्या फाइलमध्येच राहतं.